माया ठेवून शिवा : गणवेश पेटीच्या नोंदी

२३ मार्च २०२५, रविवार. खणभाग, सांगली

परीक्षा तोंडावर आल्यात आणि मी आज मुलांचं कपाट काढून बसले. दोघांचे मिळून अकरा कपडे गणवेशाचे निघाले. थोरल्याच्या तीन पँटी घोट्याच्या वर चढल्यात, बाकी ठणठणीत. धाकटीच्या ट्युनिकला एक हूक नाही, एवढंच. खरोखर फाटलेली म्हणावी अशी एकच पँट, तीही गुडघ्याला. म्हणजे अकरातले दहा कपडे कापडाने हरलेले नाहीत, मापाने हरलेत. आणि जूनमध्ये मी परत अकरा आणणार.

'देऊन टाक कुणाला तरी,' असं सगळे म्हणतात. मला ते तितकं सोपं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर गावोगावहून मदतीच्या गाड्या आल्या आणि त्यात कपड्यांची गाठोडीच्या गाठोडी होती. लोकांनी मनापासून दिलेली. पण बटणं तुटलेली, चेन अडकलेली, कुणाच्या मापाला न लागणारी. आम्ही घरातला गाळ उपसत होतो, ते निवडत कोण बसणार? माझ्या डोळ्यांदेखत एक ढीग रस्त्याकडेला चिखलात भिजत राहिला, त्याला वास सुटला आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीतून गेला. दिलेला कपडा कुणाच्या तरी अंगावर चढला तरच तो वाचला, नाहीतर आपण फक्त तो दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकला. हे तेव्हापासून डोक्यात आहे.

तर ठरवलं ते असं. गल्लीतल्या मुलांचे गणवेश गोळा करायचे, दुरुस्त करायचे, आणि पुढच्या मुलाच्या अंगाला बसवूनच द्यायचे. खाली अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, दुकान आहे. शिलाई बंद करून सहा वर्षं झाली, पण पायमशीन रोज पुसलं जातं. ही वही त्यासाठी. पुढच्या वर्षी कुणी हे करायचं म्हटलं तर आमच्या चुका त्याला परत करायला लागू नयेत.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवायला सगळ्या बायका खाली आल्या तेव्हा विषय काढला. सात घरं तयार आहेत. अण्णांनी एकच अट घातली : "फुकट वाटायचं न्हाई. ज्याला न्यायचंय त्यानं काय तरी आणायचं. बटण आणलं तरी चालंल. फुकट म्हटलं की लोक दारातनं परत जात्यात."

६ एप्रिल

आज दोन पँटी उसवल्या. ही नोंद जरा लांबणार आहे, कारण सगळं गणित इथेच आहे.

पहिली पँट मुलांच्या बाबांची, सातवीतली, अण्णांनीच शिवलेली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ती ट्रंकेत वरच्या फळीवर ठेवलेली, म्हणून पुरातही वाचली. दुसरी आमच्या थोरल्याची, गेल्या जूनमध्ये घेतलेली रेडिमेड. दोन्ही उलट्या करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

जुन्या पँटीच्या मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड मोकळं. खाली मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या काठाला, तीन इंचांची घडी, हातशिलाईने उचललेली, म्हणजे एक दोरा ओढला की सुटणारी. त्या घडीत दोन फिकट रेषा दिसत होत्या, अंगठ्याएवढ्या अंतरावर. अण्णांनी नखाने त्या दाखवल्या. "ही सातवी, ही आठवी. नववीत मग भावाला गेली." एका पँटीची तीन वर्षं त्या रेषांत मोजता येत होती.

नवी पँट उलटी केली तर शिवणीत तीन सूत कापड. तीन सूत म्हणजे पाव आणि अर्ध्या इंचाच्या मधोमध. त्याच्याही काठावरून ओव्हरलॉक मारलेलं. खालची घडी अर्ध्या इंचाची. ही पँट कुठूनच सोडता येत नाही. मूल वाढलं की ती संपली.

शिवणीत जादा सोडलेल्या या कापडाला शिंपी माया म्हणतात. 'माया ठेव', 'माया कमी पडली', 'माया काढून घे'. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून कानावर पडणारा शब्द, पण त्याचा हिशेब मी आज पहिल्यांदा केला. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतं. त्यातली निम्मी वाढ पायांत धरली तर पँट वर्षाला एक इंच, फार तर सव्वा इंच आखूड होते. तीन इंचांच्या घडीतला एक इंच कायम राहायला हवा. उरले दोन. म्हणजे जवळपास दोन वर्षं. कमरेला मागून एकेक इंच सोडला की घेर दोन इंचांनी वाढतो. हे काही कुणी शोधून काढलेलं नाही, 'वाढत्या अंगाचं शीव' असं प्रत्येक आई शिंप्याला सांगायची. ते सांगायला आता समोर शिंपीच नसतो.

कारखान्याचंही मला कळतं. एकावर एक थर रचून हजारो नग कापताना प्रत्येक नगामागे दोन इंच वाचले तर तागेच्या तागे वाचतात. त्यांचं कापड वाचतं, पण आपल्याला आख्खी दुसरी पँट घ्यावी लागते.

१६ एप्रिल

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या दोन शंका : खिशावरचा मोनोग्राम फिका दिसता कामा नये आणि रंगाची छटा वेगळी नको. दोन्ही रास्त. फाटक्या शर्टांचे चांगले मोनोग्राम उसवून लावता येतील असं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, करून दाखवा, मी पालकसभेत सांगते.

परत येताना जिल्हा परिषद शाळेतल्या ओळखीच्या बाई भेटल्या. त्यांच्याकडे पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन मोफत गणवेश मिळतात, एका गणवेशामागे ३०० रुपये. त्यात शर्ट-पँटीचं कापड आणि शिलाई दोन्ही बसवायची. "माया कुठनं ठेवणार हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेतलेही कपडे पेटीत घ्यायचे ठरलं.

२० एप्रिल

थोरल्याने विचारलं, आपला गणवेश कापसाचा का प्लास्टिकचा? गच्चीवर स्टीलच्या ताटलीत, चिमट्यात धरून, तीन धागे जाळून दाखवले. पाण्याची बादली शेजारी ठेवूनच.

आत्यांच्या सुती लुगड्याचा धागा कागदासारखा भुरकन जळला, करड्या राखेला बोट लावलं की भुकटी. माझ्या पॉलिस्टर साडीचा धागा आधी आकसला, मग वितळला आणि गार झाल्यावर टोकाला काळा कडक मणी राहिला, नखाने फुटेना. गणवेशाच्या धाग्याने दोन्ही केलं : पेटलाही आणि मणीही सोडला. टेरीकॉट. पॉलिस्टर आणि सूत एकत्र कातलेलं. असं मिश्र कापड परत वेगळं करून त्याचा नवा धागा काढणं फार अवघड असतं.

मग त्याचा पुढचा प्रश्न, यातलं वाईट कुठलं? मी जे माहीत होतं ते सांगितलं. एक किलो सुती कापडामागे जगाची सरासरी धरली तर सुमारे १०,००० लिटर पाणी जातं. त्यात शेतावर पडणारा पाऊसही धरलेला आहे, पण आकडा आकडाच. जत-आटपाडीच्या वाडीवस्तीवर उन्हाळ्यात येणारा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणला की समजतो. पॉलिस्टर खनिज तेलापासून होतं, कुजत नाही, आणि दर धुण्याला डोळ्यांना न दिसणारे तंतू सोडतं. ते मोरीतून गटारात, गटारातून कृष्णेत. रंगाईच्या सांडपाण्याचं तर लांब जाऊन बघायला नको. इचलकरंजीकडच्या पंचगंगेचं दुखणं वर्षानुवर्षं पेपरात येतं, आणि ती पंचगंगा नरसोबाच्या वाडीला आपल्याच कृष्णेला येऊन मिळते.

त्यामुळे अमुक कापड चांगलं, तमुक वाईट यावर मला भांडायचं नाही. कापड शाळा ठरवते. ते घरात आल्यावर किती वर्षं अंगावर राहतं हे मात्र आपण ठरवतो. टेरीकॉट तर टिकावं म्हणूनच करतात. पाच वर्षं सहज जाणारं कापड पहिल्या वर्षी टाकलं, तर त्याचं पाणी, तेल, रंग सगळं एका वर्षापायी गेलं. उलट तेच तीन मुलांनी घातलं तर दोन कपडे जन्मालाच आले नाहीत.

४ मे

निकाल लागले आणि कपडे यायला लागले. आजपर्यंत ६४ नग : शर्ट २९, पँटी १८, स्कर्ट आणि ट्युनिक १७. जमिनीवर चादर टाकून तीन ढीग केले. लगेच देण्याजोगे २२. दुरुस्तीचे ३१. फक्त कापड म्हणून उरलेले ११.

आत्या म्हणाल्या, आमच्या वेळी दारावर बोहारीण यायची, दोन साड्या आणि एक पँट दिली की पातेलं. ती आजही येते, पण गणवेश घेत नाही. खिशावर शाळेचं नाव असलेला शर्ट पुढे विकणार कुणाला? नेमका हाच कपडा कुठल्याच वाटेला लागत नाही, त्याची वाट आपणच करायला हवी.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त कॉलरी. शर्ट बाकी नवाकोरा, पण मानेला घासून कॉलरीची कड विरलेली आणि पिवळी. अण्णांनी कॉलर उलटवायला शिकवलं. कॉलरीखालच्या पट्टीच्या वरची टीप ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडत उसवायची. ओढायचं नाही, ओढलं की कापड तोंड वासतं. कॉलर मोकळी झाली की मधोमध खडूची खूण करायची, ती पट्टीच्या मध्याशी जुळवायची, कॉलर उलटी करून परत त्याच घडीत बसवायची आणि मध्यापासून दोन्हीकडे टीप मारायची. विरलेली बाजू खाली गेली, कोरी वर आली. मला पहिल्या कॉलरीला पाऊण तास लागला, सहावीला वीस मिनिटं. कॉलरीची टोकं सारखी आलीत का ते अण्णा दोन्ही टोकं एकमेकांवर धरून बघतात, मोजपट्टी लावत नाहीत.

शर्ट पांढरे करायला ब्लीच नको असंही ठरलं. क्लोरीनच्या ब्लीचने सूत आतून कमजोर होतं, आणि आपल्याला तर तो शर्ट अजून दोन मुलांना द्यायचाय. धुण्याचा सोडा, कडक ऊन आणि शेवटच्या पाण्यात नीळ. निळीने पिवळेपणा जात नाही, झाकला जातो. तेवढं पुरतं.

२५ मे

वाईट दिवस. यंदा मे महिन्यातच पाऊस ओतायला लागला. धुतलेले शर्ट मी पुरते वाळायच्या आत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून माळ्यावर ठेवले होते, धूळ बसू नये म्हणून. आज काढले तर नऊ शर्टांवर बुरशीचे काळे ठिपके. गरम पाणी, साबण, घासणं सगळं करून पाच निघाले. चार गेले, त्यातल्या दोनांची कॉलर मी उलटवलेली होती.

चूक माझीच. इथून पुढे : कपडा हाताला गार लागला तर तो ओला आहे. प्लास्टिक नाही, जुन्या सुती साडीत गाठोडं बांधायचं, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला. आणि धुणं एप्रिलमध्येच उरकायचं, मे महिन्यावर भरवसा ठेवायचा नाही.

८ जून, रविवार

काल बकरी ईद होती म्हणून पेटी आज उघडली. दुकानाच्या ओट्यावर दोरी बांधून मापाप्रमाणे कपडे लावले. ४९ नग होते, ३८ गेले.

सकाळी दहापर्यंत कुणीच येईना. बायका समोरून जायच्या, बघायच्या आणि पुढे. दुसऱ्याच्या मुलाचं उतरलेलं आपल्या मुलाला घालायचं, याची लाज असते, आणि ती लाज खोटी नाही. ज्यांनी लहानपणी नाइलाजाने उतरलेलं घातलंय त्यांना ती जास्त टोचते. समजावून ती जात नाही. मी धाकटीला हाक मारली, दोरीवरचं एक ट्युनिक काढलं, ओट्यावरच तिच्या अंगाला लावून बघितलं आणि अण्णांनी तिथेच खाली गुडघ्यावर बसून मोहरीला टाचण्या लावल्या. समोरच्या घरातल्या भाभी ते बघत होत्या. पाच मिनिटांनी त्या मुलाला घेऊन आल्या आणि येताना काजाच्या रेशमाची तीन रिळं घेऊन आल्या. मग रांग लागली.

अण्णांची अट किती बरोबर होती ते आज समजलं. कुणी बटणं आणली, कुणी इलॅस्टिक, एका आजींनी खिशातून वाटीभर जुने हूक काढले. एकही माणूस मागायला आल्यासारखा आला नाही.

एक मुलगा मात्र रुसून गेला. त्याला नवा वास असलेला शर्ट हवा होता. त्याच्या आईने जबरदस्ती करू नये असं मी त्यांना सांगितलं. पेटीतला कपडा रडून घातला तर त्या पोराला तो जन्मभर नकोसा होईल.

१६ जून

शाळा सुरू. गेटवर उभी राहून बघितलं. आमचे कपडे कुठले ते मलाही पटकन ओळखता आले नाहीत.

२९ जून

दोन तक्रारी आल्या. पहिली, चेन अडकते. मेणबत्ती घासून दिली, झालं. दुसरी खरी अडचण आहे. मोहरी सोडली की जुन्या घडीच्या जागी आडवी रेघ दिसते. तिथला रंग घासून गेलेला, आणि तिच्याखालचं कापड ऊन न लागल्याने गडद. गडद निळ्या पँटीवर ती फारच उठून दिसते आणि मुलं एकमेकांना चिडवतात.

पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून रेघेवर लावलं, वरून ओला रुमाल टाकून इस्त्री दाबून धरली. घडीची सुरकुती पूर्ण गेली. रंगातला फरक मात्र राहिला, तो व्हिनेगरने जाणार नाही. स्कर्टांना रेघेवरच एक बारीक चूण घेऊन ती लपवली. पँटींसाठी अण्णांचा उपाय : मोहरी लागेल तेवढीच सोडून रेघेच्या जवळच खाली नवी घडी पाडायची. तरी रेघ वर दिसतेच, पण बुटाच्या जवळ राहते. यापेक्षा चांगलं काही सुचत नाहीये.

धुण्याबद्दल घरोघर सांगितलं : गार पाणी, उलटा करून धुवा, उलटाच वाळत घाला. सावलीत वाळवला तर दोन वर्षांनी ही रेघ इतकी उठून दिसणार नाही.

१३ जुलै

चिंध्यांचा दिवस. सुरुवातीचे ११, बुरशीचे ४ आणि मध्ये आलेले काही, असे वीसेक कपडे सोडवून काढले. बटणं बरण्यांत गेली, मोनोग्राम वहीच्या पानात दाबून ठेवले, चेना वेगळ्या.

आत्यांना वाटलं होतं वाकळ होईल. दोन शेजारणींसह त्या बसल्याही. खाली सुती साडी, वर स्कर्टांचे तुकडे. पण टेरीकॉट दाट, सुई आरपार काढायला प्रत्येक टाक्याला जोर लागतो, आणि ते कापड घाम पीत नाही. सुती लुगड्याची वाकळ अंगाला मऊ लागते तशी ही लागत नाही. आत्यांनी तासाभरात सुई खाली ठेवली. अर्धवट वाकळ आता बाजारच्या पिशव्यांत वाटली गेलीये. पिशव्यांना हेच कापड उत्तम, पाच किलो ज्वारी भरली तरी शिवण तटतटत नाही. चौदा पिशव्या झाल्या.

१० ऑगस्ट

पेटीतून सगळं भागणार नाही हे आता उघड आहे. नवी मुलं शाळेत येणार, त्यांना नवा कपडा लागणारच. मग तो नवा कपडा तरी मायेचा असावा. सहा घरांनी हरभट रोडवरून शाळेच्या छटेचं कापड एकत्र आणलं. एका पँटीचं कापड १९० रुपये, शिलाई २५०, म्हणजे ४४०. रेडिमेड ३८० ला मिळते. साठ रुपये जास्त, आणि ते साठ रुपये मोहरीच्या आत घडी घालून ठेवलेले आहेत, हे पालकांना पँट उलटी करून दाखवलं की पटतं.

गल्लीतल्या दोघीजणी शिवणकाम शिकायला येतात. त्यांनी क्लास केलेला, हात साफ आहे, पण क्लासमध्ये सगळीकडे अर्धा इंच सोडायला शिकवलेलं. आज त्यातल्या एकीने खडूने रेघ मारली आणि कात्री उचलली. अण्णांनी तिचा हात थांबवला, खडू घेतला आणि रेघेच्या खाली अडीच इंचांवर दुसरी मारली. ती म्हणाली, "अण्णा, एवढं कापड आत जाणार?" ते म्हणाले, "आत न्हाई, पुढच्या वर्षाला."

मापाच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय. आजचं शेवटचं माप : वय ७, उंची ११८ सेंटिमीटर, लांबी २७ इंच, कंबर २२, मागची माया दीड, मोहरीची माया तीन. जानेवारीत परत बोलावलंय, उंची बघायला.